मानसशास्त्र म्हणजे नेमके काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्राची एका वाक्यात व्याख्या काय?

वर्तन आणि मानसिक प्रक्रिया यांचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे मानसशास्त्र. आज बहुतेक पाठ्यपुस्तकांत थोड्याफार फरकाने हीच व्याख्या सापडते. वाक्य लहान आहे, पटकन पाठ होते. पण त्यातला एकेक शब्द भांडून मिळवलेला आहे. एका पिढीने 'वर्तन' आत आणले आणि 'मानसिक प्रक्रियां'ना बाहेरचा रस्ता दाखवला, पुढच्या पिढीने त्या परत आणल्या. 'शास्त्रीय' म्हणजे नेमके काय, यावर तर अजूनही वाद चालू आहेत. हे वाद समजले की व्याख्या आपोआप समजते, म्हणून खालच्या उत्तरांत त्यांना जास्त जागा दिली आहे.

'वर्तन' म्हणजे फक्त हालचाली का?

नाही. बाहेरून पाहता येईल, नोंदवता येईल असे जे जे माणूस किंवा प्राणी करतो, ते सगळे वर्तन. चालणे, बोलणे, रडणे ही उघड उदाहरणे. पण प्रश्नाचे उत्तर द्यायला लागलेला वेळ, वाचताना नजर ओळीत कुठे अडखळली, घाबरल्यावर तळहाताला सुटलेला घाम, प्रश्नावलीत 'पूर्ण सहमत'समोर केलेली खूण, हेही वर्तनच.

लक्ष देणे, आठवणे, ठरवणे, घाबरणे, स्वप्न पडणे या मानसिक प्रक्रिया. त्या ज्याच्या त्याच्या आत चालतात आणि दुसऱ्याला दिसत नाहीत. जे दिसते त्यावरून जे दिसत नाही त्याचा माग काढायचा, हे या शास्त्राचे मुख्य काम आहे आणि त्यातली सगळी अडचण आणि सगळी गंमतही त्यातच आहे.

मन दिसत नाही, मग त्याचे मोजमाप कसे करणार?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण याचे उत्तर सापडले म्हणूनच हे शास्त्र उभे राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विचार क्षणात होतो, त्याला वेळ लागत नाही असाच समज होता. १८५० मध्ये हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले. तो वेग सेकंदाला साधारण ३० मीटर निघाला, म्हणजे अपेक्षेपेक्षा फारच कमी. चेतातंतूला वेळ लागत असेल तर विचारालाही लागत असणार. डच शरीरशास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डाँडर्स यांनी १८६८ मध्ये तो मोजण्याची साधी युक्ती काढली. पायाला विजेचा सौम्य धक्का बसला की त्याच बाजूच्या हाताने प्रतिसाद द्यायचा. कोणत्या पायाला धक्का बसणार हे आधी ठाऊक असेल तर प्रतिसाद लवकर येतो. ठाऊक नसेल तर 'उजवा की डावा' हे ओळखून हात निवडावा लागतो आणि उशीर होतो. दोन वेळांची वजाबाकी केली की त्या निवडीला लागलेला वेळ उरतो. तो सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागाएवढा भरला. ती निवड कोणाला दिसली नाही, पण तिचा काळ कागदावर आला. प्रतिसादाला लागणारा वेळ हे आजही प्रयोगशाळेत खूप वापरले जाणारे माप आहे.

हेरमान एबिंगहाउस यांनी स्मरणाच्या बाबतीत असेच केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही काळ जाऊ द्यायचा, मग तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते पाहायचे. जेवढी बचत, तेवढी स्मृती शिल्लक. १८८५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार तासाभराने ही बचत ४४ टक्क्यांवर येते, एका दिवसाने ३४ टक्क्यांवर, आणि महिन्याने २१ टक्क्यांवर. विसरणे आधी झपाट्याने होते आणि मग मंदावते. या प्रयोगांत प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग झाला तो, दोघेही एबिंगहाउसच होते. तरीही त्यांची वक्ररेषा २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा काढून पाहिली तेव्हा जवळजवळ तशीच निघाली.

ज्यांना बोलताच येत नाही अशा तान्ह्या बाळांचे मन कसे ओळखायचे? बाळाला एकच चित्र वारंवार दाखवले की त्याचा कंटाळा येतो आणि ते नजर वळवते. मग थोडे वेगळे चित्र दाखवायचे. ते पुन्हा निरखून पाहू लागले तर दोन चित्रांतला फरक त्याला कळला. काही आठवड्यांच्या बाळाला काय कळते, याविषयीचे आपले बरेचसे ज्ञान अशा नजरेच्या हिशेबातून आले आहे.

हे शास्त्र कधी सुरू झाले?

साधारणपणे १८७९ हे साल सांगतात. त्या वर्षी विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. मनाविषयीचे चिंतन अर्थातच त्याच्या कितीतरी आधीचे, जवळपास सर्वच संस्कृतींत आढळणारे आहे. १८७९ ला मान मिळतो तो या विषयाला स्वतःची जागा, स्वतःची उपकरणे आणि स्वतःचे विद्यार्थी मिळाले म्हणून. गुस्टाव फेख्नर यांनी उद्दीपनाची तीव्रता आणि जाणवणारे वेदन यांतले गणिती नाते १८६० मध्येच मांडले होते, त्यामुळे काही जण सुरुवात तिथून धरतात. मला तेही पटते.

व्याख्या इतक्या वेळा का बदलली?

कारण 'या शास्त्राने नेमके कशाचे निरीक्षण करायचे' यावर एकमत होत नव्हते.

वुंट यांच्या मते विषय होता बोध, म्हणजे प्रत्यक्ष अनुभव. त्यांचे विद्यार्थी एडवर्ड टिचनर यांनी अमेरिकेत हा विचार आणखी काटेकोर केला: अनुभवाचे घटक शोधायचे, त्यासाठी अंतर्निरीक्षण करायचे, म्हणजे प्रशिक्षित निरीक्षकाने स्वतःच्या मनात काय चालले आहे ते सांगायचे. विल्यम जेम्स यांना असे तुकडे करणे मान्य नव्हते. १८९० च्या आपल्या 'प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी' या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी मानसशास्त्राला मानसिक जीवनाचे शास्त्र म्हटले. त्यात त्या जीवनातली घटिते आली आणि ती ज्या परिस्थितीत घडतात ती परिस्थितीही आली. जाणीव अखंड वाहते, आणि ती माणसाला जगायला कशी उपयोगी पडते ते पाहा, असा त्यांचा आग्रह होता.

अंतर्निरीक्षणाची अडचण लवकरच उघडी पडली. वुर्झबुर्ग येथे ओस्वाल्ड क्युल्पे यांच्या गटातले निरीक्षक म्हणू लागले की काही विचार मनात कोणतीही प्रतिमा न उमटता येतात. टिचनर यांच्या प्रयोगशाळेतले निरीक्षक म्हणत, प्रतिमा असतेच, तुम्हाला ती टिपता आली नाही. दोन्हीकडचे लोक प्रशिक्षित, दोन्हीकडचे प्रामाणिक. मग निवाडा कोणी आणि कशाने करायचा? एकाच्या मनात काय होते ते दुसऱ्याला तपासता येत नाही. पडताळणीच होऊ शकत नसेल तर शास्त्र पुढे सरकत नाही.

जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये यावर टोकाचा तोडगा सुचवला: मनाची भाषाच सोडून द्या. मानसशास्त्र ही निसर्गविज्ञानाची पूर्णपणे वस्तुनिष्ठ, प्रायोगिक शाखा आहे आणि वर्तनाचा अंदाज बांधणे व त्यावर नियंत्रण मिळवणे हे तिचे ध्येय आहे, असे त्यांनी जाहीर केले. पुढे जवळपास चार दशके, विशेषतः अमेरिकेत, वर्तनवादाचा जोर होता. त्याने या विषयाला शिस्त लावली, हे त्याचे श्रेय कमी लेखू नये. आज कोणताही संशोधक 'भीती' म्हणून थांबत नाही, ती कशावरून ओळखली हे सांगतो. ही सवय वर्तनवादाची देणगी आहे.

पण मनाला वगळून उंदराचेसुद्धा वागणे नीट उलगडेना. एडवर्ड टोलमन आणि चार्ल्स होन्झिक यांनी १९३० मध्ये उंदरांना भूलभुलैयात सोडले. एका गटाला पहिले दहा दिवस शेवटी काहीच खायला मिळत नव्हते, ते नुसते भटकत. अकराव्या दिवशी अन्न ठेवले, आणि लगेच त्यांच्या चुका इतक्या कमी झाल्या की रोज अन्न मिळणाऱ्या उंदरांच्या बरोबरीला ते आले. म्हणजे बक्षीस नसतानाही ते वाट शिकले होते. ते शिकणे वागण्यात दिसत नव्हते एवढेच. टोलमन म्हणाले, उंदराच्या डोक्यात त्या जागेचा नकाशा तयार झालेला असतो.

१९५० च्या दशकात संगणक आले. माहिती साठवणे, शोधणे, तिच्यावर प्रक्रिया करणे यांविषयी नेमकेपणाने बोलण्याची भाषा मिळाली. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्कालिक स्मृतीच्या मर्यादेवरचा लेख लिहिला. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये वर्तनवादी बी. एफ. स्किनर यांच्या भाषाविषयक मांडणीवर कडाडून टीका केली. बोधात्मक मानसशास्त्र उभे राहिले आणि 'मानसिक प्रक्रिया' व्याख्येत परत आल्या. मात्र या वेळी त्यांना वर्तनवादाची अट मान्य करावी लागली: आतल्या गोष्टीविषयी खुशाल बोला, पण बाहेर दिसणारा पुरावा द्या. आजच्या व्याख्येत 'वर्तन' आणि 'मानसिक प्रक्रिया' शेजारी शेजारी का बसले आहेत, ते यावरून कळेल.

मानसशास्त्र म्हणजे फ्रॉइडच ना?

नाही. सिग्मुंड फ्रॉइड यांचे मनोविश्लेषण प्रयोगशाळेत जन्मले नाही. ते रुग्णांशी केलेल्या संभाषणांतून आले. माणसाच्या वागण्यामागची बरीच कारणे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतात, बालपणीच्या नात्यांचा ठसा पुढे टिकतो, बोलण्याने मन हलके होते, या कल्पना लोकांच्या बोलण्यात रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांचे अनेक विशिष्ट सिद्धांत मात्र असे रचलेले होते की ते खोटे ठरतील असा पुरावा कसा असेल हेच सांगता येत नाही. शास्त्र म्हणून हा गंभीर दोष आहे. आजच्या विद्यापीठांतल्या संशोधनात फ्रॉइड यांची जागा मुख्यतः इतिहासात आहे.

हे सगळे तर सामान्य ज्ञानच आहे, नाही का?

काही वेळा हो, आणि त्यात कमीपणा नाही. 'आवडतीचा शेंबूड गोड, नावडतीचे मीठ अळणी' ही म्हण ज्याने रचली त्याने माणूस बारकाईने पाहिला होता. १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी हेच आकड्यांत दाखवले. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे वेगवेगळे गुणांकन करायला सांगितले होते. हे गुण एकमेकांशी इतके जुळत होते की अधिकारी ते वेगळे पाहत नसणार हे स्पष्ट झाले. एकूण मत चांगले असले की सगळेच गुण चांगले दिसतात. मानसशास्त्रात याला प्रभावलय परिणाम म्हणतात. म्हण सांगते की असे होते. किती होते, कोणत्या परिस्थितीत होते, आणि मूल्यमापनाची पद्धत बदलली तर कमी होते का, हे विचारायला शास्त्र लागते.

आणि कित्येकदा सामान्य ज्ञान चक्क चुकते. 'मी डोळ्यांनी पाहिले, मला नीट आठवते' यावर आपला केवढा विश्वास असतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या चित्रफिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नातले क्रियापद तेवढे बदलले. मोटारी एकमेकींवर 'धडाधड आदळल्या' अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल आला. 'एकमेकींना लागल्या' अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला तेव्हा सुमारे ३२. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले, फुटलेल्या काचा पाहिल्या का? चित्रफितीत काचा फुटलेल्याच नव्हत्या. साधा 'धडकल्या' अशा अर्थाचा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी हो म्हटले, जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा, हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर केवळ अनुभवावर सोडण्याइतके हे प्रकरण लहान नाही.

प्रयोगांत इतका काटेकोरपणा कशाला? नुसते निरीक्षण पुरत नाही का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हान्स नावाचा घोडा गाजत होता. बेरीज विचारली की तो पायाच्या टापा वाजवून बरोबर उत्तर देई. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन लबाडी करत नव्हते. जाणकारांच्या समितीलाही काही फसवणूक सापडली नाही. १९०७ मध्ये ओस्कार फुंग्स्ट यांनी परिस्थिती एकेका अंगाने बदलून पाहिली. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकू लागला. योग्य आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या डोक्याची आणि चेहऱ्याची नकळत अगदी बारीक हालचाल होई, आणि घोडा ती पाहून थांबत असे.

यातून दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे प्रामाणिक माणसाचे निरीक्षणही फसू शकते. दुसरी म्हणजे प्रयोग करणाऱ्याची अपेक्षा प्रयोगात शिरते. म्हणूनच आज शक्य तिथे कोण कोणत्या गटात आहे हे निरीक्षकापासूनही लपवतात, गट चिठ्ठ्या टाकून पाडतात आणि तुलनेसाठी नियंत्रित गट ठेवतात. चिठ्ठ्या का? समजा, ध्यान करणारे लोक शांत आढळले. ध्यानामुळे ते शांत झाले, की मुळात शांत असलेली माणसे ध्यानाकडे वळली, की ज्यांच्याकडे निवांत वेळ आहे त्यांनाच दोन्ही जमते? नुसता सहसंबंध पाहून हे सांगता येत नाही. गट योगायोगाने पाडले तरच कारणाबद्दल ठामपणे बोलता येते. जिथे असे गट पाडणे अशक्य किंवा अन्यायाचे असते, उदाहरणार्थ बालपणीच्या आघातांच्या अभ्यासात, तिथे मुलाखती, दीर्घकाळचा पाठपुरावा, जुळ्यांचा अभ्यास अशा पद्धती वापरतात आणि निष्कर्षही जपून मांडतात.

मानसशास्त्रज्ञांना समोरच्याच्या मनातले ओळखता येते का?

नाही. चेहरा पाहून मनातले वाचणारी कोणतीही विद्या मानसशास्त्र शिकवत नाही. खोटे पकडण्याचे म्हणून ओळखले जाणारे पॉलिग्राफ यंत्रदेखील श्वास, नाडी आणि घाम मोजते. खोटे मोजत नाही. निरपराध माणूसही घाबरतो.

मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांत फरक काय?

मानसोपचारतज्ज्ञ हे आधी डॉक्टर असतात. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते मानसिक आजारांत विशेष शिक्षण घेतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रातले उच्च शिक्षण आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण घेऊन चाचण्या, निदान आणि बोलण्यातून, सरावातून होणारे उपचार करतात. समुपदेशक बहुधा नातेसंबंध, अभ्यास, व्यवसाय, दुःख अशा प्रसंगांत मदत करतात. परवान्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. मदत घेताना समोरच्या व्यक्तीचे शिक्षण आणि नोंदणी विचारण्यात काहीच गैर नाही. चांगली व्यक्ती ते आनंदाने सांगते. आणि स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर कोणाकडे जायचे याचा घोळ न घालता जी वैद्यकीय मदत सर्वांत जवळ आहे ती लगेच घ्यावी.

म्हणजे हा विषय मुख्यतः मानसिक आजारांचा आहे?

आजार आणि उपचार ही त्याची मोठी आणि मोलाची शाखा आहे, पण एक शाखा. विकासात्मक मानसशास्त्र जन्मापासून म्हातारपणापर्यंत होणारे बदल पाहते. सामाजिक मानसशास्त्र माणूस इतरांच्या सहवासात कसा बदलतो ते पाहते. शिक्षण, उद्योग, खेळ, न्याय, आरोग्य अशा प्रत्येक क्षेत्राला जोडलेली शाखा आहे. डॅनियल कानमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते निर्णय घेताना माणसाचे मन कसे चालते यावरच्या कामासाठी.

यंत्रांच्या रचनेतही मानसशास्त्र असते, हे फार जणांना ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात काही अमेरिकी बॉम्बफेकी विमाने उतरल्यानंतर वैमानिक पंखांच्या झडपा मिटवण्याऐवजी चुकून चाकेच आत घेत आणि विमान पोटावर आपटे. दोष वैमानिकांच्या माथी जात होता. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांच्या लक्षात आले की दोन्ही कळा शेजारी आणि दिसायला सारख्याच आहेत. त्यांनी एका कळीला रबरी चाकाचा आणि दुसरीला पाचरीचा आकार द्यायला सुचवले. हाताला स्पर्शानेच फरक कळू लागला आणि ती चूक थांबली. माणसाला बदलण्याआधी त्याच्यासमोरची वस्तू तपासा, हा दृष्टिकोन मला या शास्त्रातला सर्वांत माणुसकीचा भाग वाटतो.

मेंदूचे शास्त्र असताना मानसशास्त्र कशाला हवे?

मेंदूशिवाय मन नाही, याबद्दल आज संशोधकांत फारसा वाद नाही. पण मेंदूच्या कुठल्या भागाने काय होते, हे विचारण्याआधी 'काय होते' ते नीट ठरवावे लागते. एच. एम. या आद्याक्षरांनी प्रसिद्ध असलेल्या रुग्णावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या शंखखंडांचा (कानांजवळच्या भागांचा) आतला भाग, त्यात अश्वमीनाचा (हिप्पोकॅम्पसचा) बराचसा अंश, काढून टाकला. त्यानंतर त्यांना नवे काहीच लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची बाह्यरेषा गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात उत्तम बसला, पण प्रत्येक वेळी आपण हे आयुष्यात पहिल्यांदाच करतो आहोत असे त्यांना वाटे.

म्हणजे 'स्मृती' ही एक वस्तू नाही. घटना आठवणे वेगळे आणि कौशल्य हातात बसणे वेगळे. मेंदूचे चित्रण कितीही बारीक असले तरी नुसत्या चित्रावरून हा भेद सुचला नसता. त्यासाठी योग्य काम समोर ठेवून वर्तन पाहावे लागले. आणि मानसशास्त्र कितीही हुशार असले तरी शस्त्रक्रियेची नोंद नसती तर हा भेद मेंदूशी जोडता आला नसता. दोन्ही शास्त्रांना एकमेकांची गरज आहे.

बुद्ध्यांक म्हणजेच बुद्धी का?

व्याख्यांची अडचण इथे सर्वांत स्पष्ट दिसते. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी १९०५ मध्ये पहिली उपयुक्त चाचणी केली ती शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. पुढे तिच्या वारसांनी माणसांची कायमची प्रतवारी लावायला सुरुवात केली. बिने यांचा हेतू तो नव्हता. १९२३ मध्ये एडविन बोरिंग यांनी लिहिले की बुद्धीच्या चाचण्या जे मोजतात ती बुद्धी. हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यातला शिस्तीचा भाग खरा आहे: न दिसणारी गोष्ट मोजायची तर ती कोणत्या कृतीने मोजली ते सांगावे लागते. याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात.

ती व्याख्या पुरेशी आहे का, हा पुढचा प्रश्न. चाचणी पुन्हा घेतली तर तेच उत्तर येते का, ही विश्वसनीयता. चाचणी जे मोजायचा दावा करते तेच मोजते का, ही सप्रमाणता. आजच्या चाचण्यांत सरासरी १०० धरतात आणि सुमारे दोन तृतीयांश माणसे ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. हे गुण विश्वसनीय आहेत आणि शालेय यशाचा बऱ्यापैकी अंदाज देतात. शहाणपण, कल्पकता, चिकाटी, माणसे जोडण्याची हातोटी यांविषयी ते थोडेच सांगतात. त्या आकड्यावरून मुलाचे भविष्य ठरवू नये.

राशिभविष्य आणि इंटरनेटवरच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या इतक्या अचूक का वाटतात?

बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'त्याचे' वर्णन दिले. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. खरे तर सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून वेचलेल्या वाक्यांचा: तुम्ही बाहेरून शिस्तबद्ध दिसता पण आतून काळजी करता, अशा धर्तीचा. जे वाक्य जवळपास सर्वांनाच लागू पडते ते आपल्याविषयी काही सांगत नाही. चांगल्या चाचणीचे वर्णन काही लोकांना लागू पडत नाही, आणि तीच तिची परीक्षा.

मानसशास्त्रातले बरेच निष्कर्ष टिकले नाहीत, हे खरे का?

खरे आहे, आणि लपवण्यासारखे नाही. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने तीन नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे नुसता योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा, परिणाम होता. पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांत आढळला. लहान नमुने, लक्षवेधी निष्कर्षच छापण्याची ओढ, आकडेवारी हवी तशी वळवण्याची मोकळीक, ही त्याची कारणे. त्यानंतर अनेक संशोधक आपले गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धत आकडे गोळा करण्याआधीच नोंदवू लागले, मूळ आकडे सर्वांसाठी खुले करू लागले, नमुने मोठे घेऊ लागले.

सगळेच कोसळले असेही नाही. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहिला तर शाईचा रंग सांगायला उशीर होतो, हा जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला परिणाम तुम्ही आत्ता कागद-पेन घेऊन पाहू शकता.

हे निष्कर्ष जगातल्या सगळ्या माणसांना लागू होतात का?

गृहीत धरू नका. जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेनझायान यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की संशोधनातले बहुतेक सहभागी पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, संपन्न समाजांतले असतात, त्यातही विद्यार्थी बरेच, आणि अनेक बाबतींत हेच लोक बाकीच्या मानवजातीपेक्षा वेगळे ठरतात. टोकाला बाण असलेल्या दोन समान रेषा लहानमोठ्या दिसण्याचा म्युलर-लायर भ्रमसुद्धा सर्व समाजांत सारखा जाणवत नाही. ज्या भाषांत आणि ज्या समाजांत संशोधन कमी झाले आहे तिथे ते होणे, ही या शास्त्राची आजची मोठी निकड आहे असे मला मनापासून वाटते.

लोकांवर असे प्रयोग करणे योग्य आहे का?

पूर्वी काही प्रयोग आज मान्य होणार नाहीत असे झाले. १९२० मध्ये वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती घातली आणि ती काढून टाकली नाही. स्टॅनली मिलग्रम यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी, प्रयोग करणाऱ्याने सांगितले म्हणून, पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंतचे धक्के दिले, निदान आपण ते देत आहोत असे त्यांना वाटत होते. त्यातल्या अनेकांना प्रचंड ताण आला. आता आधी माहिती देऊन संमती घेणे, केव्हाही बाहेर पडण्याची मुभा आणि नैतिक समितीची मंजुरी बंधनकारक असते.

मानसशास्त्र शिकले की स्वतःला ओळखता येते का?

थोडेफार. निदान स्वतःविषयीच्या आपल्या स्पष्टीकरणांकडे सावधपणे पाहता येते. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ मध्ये वर्णन केलेल्या एका पाहणीत लोकांसमोर पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या होत्या आणि सर्वांत चांगली निवडायला सांगितले होते. चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. सर्वांत डावीकडची १२ टक्के लोकांनी निवडली, सर्वांत उजवीकडची ४० टक्के. कारण विचारल्यावर लोकांनी विणकाम, पोत, दर्जा अशी कारणे दिली. जागेमुळे फरक पडला असेल का, असे थेट विचारले तेव्हा जवळजवळ सर्वांनी ते नाकारले.